चिंगीची चाचणी आधी की लस आधी?

पत्र : आमचा बंड्या चार वर्षांचा बोका. नसबंदी झाली आहे, पण रात्री गच्चीवर जातो आणि अधूनमधून मारामारी करून येतो. लहानपणी दोन महिन्यांचा आणि तीन महिन्यांचा असताना लसी झाल्या, पुढे राहून गेलं. नऊ दिवसांपूर्वी मुलीने पार्किंगमधून एक पिल्लू वर आणलं, चिंगी, अंदाजे दोन महिन्यांची. छान खाते, खेळते. मागच्या खोलीत ठेवली आहे, पण बंड्या शिरतोच. चार दिवसांपूर्वी खाली राहिलेल्या तीन पिल्लांपैकी एक दिवसभर ओकाऱ्या होऊन गेलं. मुलगी रोज त्यांना खायला घालते. एक शेजारी म्हणतात, आधी ल्युकेमियाची टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर पिल्लू ठेवू नका. दुसरे म्हणतात, ‘थ्री इन वन’ लस दिली की ल्युकेमियाची काळजी मिटते. ऑनलाइन सात-आठ टेस्टचं पॅकेजही दिसतं, त्यात कोरोनाची पण आहे. नेमकं काय करावं आणि कुठल्या क्रमाने?
ता. क. चिंगीला उचलताना तिच्या आईने मुलीच्या हातावर ओरखडलं होतं. थोडं रक्त आलं, डेटॉल लावलं.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या ताज्या कलमापासून सुरुवात करायला हवी. चिंगीच्या आधी मुलीला दवाखान्यात न्या, आजच. लस न झालेल्या मांजरीने रक्त निघेल इतकं ओरखडलं, तर रेबीजच्या हिशेबात ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातली जखम धरतात. मांजर पंजे चाटते, त्यामुळे नखांवर लाळ असू शकते. नऊ दिवस झाले म्हणून वेळ गेली असं नाही, लस आजही सुरू करता येते. त्वचेत द्यायची पद्धत असेल तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, दंडात स्नायूमध्ये असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं (अँटीबॉडी), भरायचं का, ते डॉक्टर ठरवतील. पार्किंगमधली ती मांजरी अजून दिसते का, नीट खाते-पिते का, हे त्यांना आठवणीने सांगा. ओरखडल्यापासून दहा दिवस मांजरी ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसांबद्दल डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. पण त्या दहाव्या दिवसाची वाट पाहत पहिला डोस लांबवू नका. आणि पुन्हा कधी असं झालं तर आधी साबण आणि नळाचं वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. जंतुनाशक लावायचं ते त्यानंतर.

आता चिंगी. तुमचे दोन्ही शेजारी ल्युकेमियाबद्दल बोलताहेत, पण या आठवड्यात खरी भीती ल्युकेमियाची नाही. धडधाकट दिसणारं पिल्लू दिवसभर ओकाऱ्या काढून गेलं, तर आधी पॅनल्युकोपेनिया डोळ्यांसमोर आणावा लागतो. या दोन नावांनी खूप गोंधळ घातला आहे. पॅनल्युकोपेनिया हा कुत्र्यांच्या पार्व्होच्या घराण्यातला विषाणू. तो आतड्याचं अस्तर आणि हाडांच्या मगजातल्या पेशी मारतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत, कधी एका दिवसातही, जातं. ल्युकेमियाचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला, तो महिनोन् महिने, वर्षानुवर्षं अंगात राहतो. ‘थ्री इन वन’मध्ये पॅनल्युकोपेनिया, आणि शिंका-डोळ्यांचा त्रास देणारे हर्पिस आणि कॅलिसी हे विषाणू, या तिघांवरची लस असते. ल्युकेमिया त्यात नाही. नावं सारखी वाटतात म्हणून ‘आमच्या मांजराला ल्युकोची लस झाली आहे’ असं कितीतरी घरांत ठामपणे सांगितलं जातं आणि ते चुकीचं असतं.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते सात दिवस लागतात, कधी जास्तही. चिंगी नऊ दिवस ठीक आहे ही चांगली गोष्ट आहे, पण मोजणी नऊ दिवसांपूर्वी सुरू होत नाही. मुलगी रोज खाली जाऊन त्याच चपलांनी, त्याच हातांनी वर येते. तेव्हा खाली जाणं पूर्ण बंद करा किंवा ते काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि त्याने चप्पल दाराबाहेर काढून, कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन घरात यावं. अशा शेवटच्या संपर्कापासून चौदा दिवस चिंगी एकटी, दार बंद. बंड्या आत शिरतो म्हणता, तर दाराला साखळी लावा. तिची भांडी, वाळूचा ट्रे, अंथरूण, खेळणी सगळं वेगळं ठेवा.

उद्या चिंगीला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा क्रम असा ठेवा. आधी वजन आणि ताप. आठ आठवड्यांचं पिल्लू साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरतं. पण रस्त्यावरची पिल्लं उपाशी असतात, म्हणून दातही बघायला सांगा, कारण पुढचं सगळं वेळापत्रक वयावर बसतं. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. ते ठीक असेल तर, लस टोचण्यापूर्वी, विष्ठेचा नमुना द्या. कुत्र्यांच्या पार्व्होसाठी जे किट दवाखान्यात असतं त्यावर मांजराचा विषाणूही दिसतो. लस आधी दिली आणि नमुना नंतर घेतला तर लसीतला दुबळा केलेला विषाणूच काही दिवस विष्ठेत उतरतो, फिकट रेघ उमटते आणि घर उगाच हादरतं. उलट, किट निगेटिव्ह आलं म्हणून पूर्ण निर्धास्तही होता येत नाही, कारण विषाणू सतत बाहेर पडत नाही. त्यापेक्षा रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या जास्त सांगून जाते. मांजरात ती एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५,५०० ते १९,५०० असते. पिल्लू मलूल आहे आणि संख्या २,०००च्या खाली, तर डॉक्टर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता सलाइन सुरू करतील, आणि तेच बरोबर.

या तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत जे अर्धा मिलिलिटर रक्त काढतील, त्यातल्याच काही थेंबांवर ल्युकेमिया आणि एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू) जोडचाचणी होते. दुसऱ्यांदा टोचायची गरज नाही, हे आधीच बोलून घ्या. आठशे ग्रॅमच्या जिवाला प्रत्येक वेळी पकडून सुई लावणं टळलेलं बरं.

चिंगी तापलेली नसेल, खात असेल, तर लस त्याच भेटीत. चाचण्यांचे निकाल येईपर्यंत लस थांबवू नका. जंतांचं औषध आधी की लस आधी यावरही दिवस घालवू नका, दोन्ही एकाच दिवशी चालतं. जवळपास आजार फिरत असताना दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची लस मागा, ती मृत विषाणूच्या लसीपेक्षा लवकर काम करते. अपवाद दोन : चार आठवड्यांखालची पिल्लं आणि गाभण भाटी. पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूला त्या लसीने इजा होते आणि ती जन्मभर डगमगत चालतात.

एका सुईने भागत नाही, आणि त्याचं कारण कळलं तर तारखा चुकणार नाहीत. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार प्रतिपिंडं मिळतात. ती जशी विषाणूला अडवतात तशीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कुणात आठव्या आठवड्यात, कुणात सोळाव्या. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा, म्हणजे त्यातला एक तरी मोकळ्या रानात पडतो. चिंगी आज आठ आठवड्यांची धरली तर पुढचे डोस अकराव्या, चौदाव्या आणि सतराव्या आठवड्यात. खाली आजार आहे म्हणून डॉक्टर अंतर दोन आठवड्यांवर आणतील, ते मान्य करा, पण दोनहून कमी नको. त्यानंतरचा डोस वर्षभराने न देता सव्वीस आठवड्यांच्या, म्हणजे सहा महिन्यांच्या सुमारास द्या. सोळा आठवड्यांनंतरही एखादं पिल्लू हुकलेलं असू शकतं, त्याला मग वर्षभर उघडं राहावं लागत नाही. रेबीजची लस बारा आठवडे झाल्यावर, चौदाव्या आठवड्याच्या डोससोबत पण वेगळ्या जागी, आणि मग वर्षाने पुन्हा.

आणखी एक चूक वारंवार होते. ‘पिल्लू छोटं आहे, अर्धीच द्या.’ तसं करायचं नाही. लसीचा डोस वजनावर ठरत नाही, पिल्लाला आणि बोक्याला एकच, पूर्ण कुपी. दुसरी गोष्ट थंडाव्याची. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. दुकानातून कुपी विकत घेऊन रिक्षातून उन्हात नेणं, किंवा घरच्या फ्रिजच्या दारात ठेवणं, यात ती मरते आणि बाहेरून काही कळत नाही. दवाखान्याच्या फ्रिजमधली, तुमच्यासमोर पावडरमध्ये द्रव मिसळून लगेच टोचलेली लस घ्या आणि कुपीवरचं लेबल कार्डावर चिकटवून मागा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तोंड सुजणं, ओकारी, धाप ही तीव्र ॲलर्जी त्या वेळातच बहुधा दिसते. एक-दोन दिवस पेंगणं, कमी खाणं हे चालतं. टोचल्या जागी छोटी गाठ येऊ शकते. ती तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतर वाढत असेल, तर तुकडा तपासायला द्या. लाखात थोड्या मांजरांत तिथे कर्करोग होतो. याच कारणाने मानेच्या मागे टोचण्यापेक्षा पायावर खालच्या बाजूला टोचलेलं बरं.

बंड्याच्या बाबतीत तुम्ही ‘दोन लसी झाल्या’ म्हणता, पण दुसरी तीन महिन्यांचा असताना, म्हणजे वर सांगितलेल्या सोळा आठवड्यांच्या आतच. दोन्ही वाया गेल्या असण्याची शक्यता आहे. त्याला लस न झालेला धरून उद्याच एक डोस आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरा, सोबत रेबीज. त्याला चिंगीच्या पिशवीत घालून नेऊ नका, वेगळ्या वेळी, वेगळ्या पिशवीत न्या. पुढे पॅनल्युकोपेनियाचा डोस दर तीन वर्षांनी पुरतो. हर्पिस आणि कॅलिसीची राखण तितकी टिकत नाही, आणि बंड्यासारख्या गच्चीवर फिरणाऱ्या बोक्याला दरवर्षी द्यावी असं आमचं मत आहे. या दोघांची लस झालेल्या मांजरालाही शिंका आणि चिकट डोळे होऊ शकतात. लस आजार हलका करते, पूर्ण थोपवत नाही, म्हणून ‘लस फुकट गेली’ असं समजू नका.

आता ती जोडचाचणी. पॅनल्युकोपेनियाची घाई आहे, इथे धीर लागतो. पट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी शोधल्या जातात. ल्युकेमियासाठी विषाणूचंच प्रथिन, एफआयव्हीसाठी त्याविरुद्ध अंगाने बनवलेली प्रतिपिंडं. त्यामुळे दोन्ही रेघांचा अर्थ वेगळा लागतो. एफआयव्ही असलेल्या आईची प्रतिपिंडं दुधातून पिल्लात येतात आणि पिल्लू निरोगी असूनही रेघ उमटते. चिंगीची एफआयव्हीची रेघ आली तर सहा महिन्यांची झाल्यावर पुन्हा तपासा, तोवर काहीच ठरवू नका. ल्युकेमियाची रेघ कोणत्याही वयात खरी असू शकते, पण निरोगी दिसणाऱ्या पिल्लात एकाच रेघेवर विश्वास ठेवू नये. सगळ्या पिल्लांत हा विषाणू फार थोड्यांना असतो, म्हणून आलेल्या पॉझिटिव्हमध्ये खोट्यांचा वाटा मोठा निघतो. वेगळ्या पद्धतीने, शक्यतो प्रयोगशाळेतल्या पीसीआरने खात्री करा. काही मांजरं विषाणूला दाबूनही टाकतात, त्यामुळे सहा ते बारा आठवड्यांनी परत बघायचं असतं. आणि निगेटिव्ह? संसर्ग झाल्यापासून ल्युकेमिया दिसायला तीस दिवस, एफआयव्हीला साठ दिवस लागू शकतात. चिंगीची आजची निगेटिव्ह चाचणी साठ दिवसांनी एकदा पुन्हा केली की दोन्हींचं उत्तर मिळतं.

चाचणी करताना किटची मुदत बघा, नियंत्रण रेघ उमटली का बघा (ती नसेल तर चाचणीच रद्द), आणि माहितीपत्रकात लिहिलेल्या मिनिटालाच वाचायला सांगा. अर्ध्या तासाने पट्टी वाळल्यावर दिसणारी पुसट रेघ निकाल नव्हे. वेळेत दिसलेली पुसट रेघ मात्र रेघच धरायची.

बंड्याचीही चाचणी करा, हे कुणी तुम्हाला सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटतं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो. गच्चीवर मारामारी करणारा तो आहे, चिंगी नाही. ल्युकेमिया एकमेकांना चाटण्यातून, एकाच वाडग्यातून, आणि आईकडून पिल्लाला जातो. दोघांचे निकाल येईपर्यंत वाडगे वेगळे. अलीकडेच चावा खाऊन आला असेल तर त्याचीही साठ दिवसांनी फेरतपासणी.

‘पॉझिटिव्ह आली तर ठेवू नका’ हा सल्ला मनातून काढून टाका. एफआयव्ही असलेली कितीतरी मांजरं घरात राहून जवळपास पूर्ण आयुष्य जगतात, आणि आपसात न भांडणारी दोन मांजरं एकत्र राहू शकतात. ल्युकेमिया जास्त कठीण आहे. विषाणू रक्तात कायम राहिला तर बहुतेक मांजरं निदानानंतर काही वर्षांतच जातात. पण ती वर्षं चांगली जाऊ शकतात : घराबाहेर न सोडता, नसबंदी करून, कच्चं मांस न देता, सहा महिन्यांनी तपासणी करून. अशा मांजराला दुसऱ्या मांजरापासून वेगळं ठेवावं लागतं, हे खरं. दोन्ही विषाणू माणसाला होत नाहीत. एफआयव्हीवर आपल्याकडे लस मिळत नाही. ल्युकेमियाची लस बहुतेक दवाखान्यांत ठेवलेली नसते. मिळाली तरी ती फक्त निगेटिव्ह मांजरालाच द्यायची, लागण झालेल्याला तिचा उपयोग नाही.

ते सात-आठ टेस्टचं पॅकेज घेऊ नका. त्यातली कोरोनाची प्रतिपिंड-चाचणी एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) ओळखते असं सांगून विकली जाते. मांजरांचा आतड्यातला कोरोना विषाणू फार सर्रास आढळतो, प्रतिपिंडं कितीतरी निरोगी मांजरांत असतात, आणि एफआयपी होतो तो विषाणू त्या मांजराच्या अंगात बदलल्यावर, थोड्याच मांजरांना. खेळत्या पिल्लात ही चाचणी फक्त झोप उडवते. तेच पैसे बंड्याच्या चाचणीला लावा.

घराची सफाई. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू खोलीत वर्षभरही टिकतो आणि साध्या फिनेलला, डेटॉलला जुमानत नाही. शिवाय फिनेलसारखी औषधं मांजरांना विषारी आहेत, पायाला लागून चाटली की पोटात जातात. आधी साबणाने घाण पूर्ण काढा, कारण घाणीवर क्लोरीन निकामी होतं. मग १ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर साधं घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घालून फरशी आणि ट्रे दहा मिनिटं ओले ठेवा आणि पाण्याने धुऊन वाळवा. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. पायपुसणं, गोधडी धुण्यापेक्षा टाकून द्या.

पुढचे चौदा दिवस एका गोष्टीवर डोळा ठेवा : चिंगी पाण्याच्या वाडग्यापाशी मान खाली घालून नुसती बसली आणि पीत नाही, किंवा एक वेळचं जेवण टाळलं. जुलाब सुरू होण्याची वाट बघू नका, कधी ते होतच नाहीत. त्याच तासाला, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी किंवा थेंब अजिबात देऊ नका. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, थोड्याशा मात्रेनेही जीव जातो.

दोघांनाही चिकन घालत असाल तर शिजवूनच. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. घरचं मांजरही त्याच कुळातलं आहे आणि त्यावर त्याच्यासाठी लस नाही.

खालची दोन पिल्लं उरली आहेत. ती जिवंत आणि खाती असतील तर त्यांनाही लस द्यायची वेळ हीच आहे. गावातल्या प्राणिमित्र गटाला आज फोन करा, पिल्लांना जागेवरच लस मिळाली तर उत्तम, आणि पिल्लं दूध सुटून खायला लागल्यावर आईची नसबंदी. पण त्यांना तुमच्या घरात आणू नका. आणि पुढचं वर्षभर तुमच्या घरी नवं पिल्लू आलं, तर सोळा आठवड्यांनंतरचा शेवटचा डोस झालेलं आणि त्या डोसला दोन आठवडे उलटलेलं असेल तरच त्याला त्या मागच्या खोलीत पाऊल ठेवू द्या.